वेलांटीचा पंखा

विद्युल्लता टिपणीस यांना भिवंडीत विद्युल्लता असं कोणीच म्हणत नसे. नाव लांब आणि भिवंडीला वेळ कमी. टायपिंग क्लासातल्या मुली त्यांना 'बाई' म्हणत, घरचे 'विजू' म्हणत, आणि एखादा नवखा माणूस पाटीवरचं पूर्ण नाव वाचायला गेलाच तर 'विद्यु... विद्युल्...' करत मध्येच फ्यूज उडाल्यासारखा थांबे. वडील तात्या कोर्टात कारकून. ही जन्मली तेव्हा टेमघरच्या आभाळात वीज कडाडली, म्हणून हे नाव, असं तात्या चारचौघांत सांगत. आतून आई ओरडे, "कडाडली-बिडाडली काही नाही! घरात दिवे नव्हते. म्हटलं, निदान नावात तरी असू दे!"

क्लासात मराठीची यंत्रं एका भिंतीला, इंग्रजीची दुसऱ्या. मधल्या खुर्चीवर बाई. वर्षानुवर्षं मजकूर सांगून सांगून त्यांच्या जिभेला एक खोड जडली होती. विरामचिन्हं त्या उच्चारूनच बोलत. कोळीण दारात आली की, "सुरमई ताजी आहे, प्रश्नचिन्ह?" पोस्टमन चिखलाचे पाय घेऊन आत शिरला की, "थांबा, उद्गारचिन्ह! पाय पुसा, स्वल्पविराम, मग या, पूर्णविराम." तरुणपणी एक स्थळ बघायला आलं होतं. मुलाने चष्मा सावरत विचारलं, "स्वयंपाक येतो का?" बाई म्हणाल्या, "येतो, पूर्णविराम. तुम्हाला, प्रश्नचिन्ह?" ते स्थळ पोह्यांची बशी अर्धी टाकून गेलं. पुढे कोणी लग्नाबद्दल विचारलं तर बाई शांतपणे म्हणत, "तिथे आपण स्पेस बार दाबलाय."

आणि कान! तो कान म्हणजे भिवंडीतली दहशत. बाई खिडकीकडे तोंड करून भेंडी निवडत असल्या तरी मागे कुठल्या यंत्रावर काय चुकलं ते त्यांना कळे. "तिसऱ्या यंत्रावर पहिली वेलांटी पडली. दुसरी हवी होती." मुलगी गार. वेलांटी, मात्रा, रफार, सगळ्यांचे आवाज बाईंना वेगवेगळे ऐकू येत.

त्यांची एकुलती एक मैत्रीण म्हणजे नूरी फकीह. शाळेत एका बाकावरच्या, आता दोघी पन्नाशीला टेकलेल्या. नूरी कारखानदाराची लेक. भिवंडीत कारखाना म्हणजे कापड विणणारे लूम, हे सांगावं लागत नाही. खाली लूमची खटाक्-खटाक्, वर घर, आणि मधल्या फळीवर पाळणा, अशी ती वाढली. नवरा वारल्यावर ती परत त्याच घरी आली, तर आता कारखाना धाकट्या भावाच्या, अय्यूबच्या हातात होता आणि नूरीच्या छातीत दमा होता.

नूरीचं आजोळ हर्णैचं. चौथीत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारलं होतं, "समुद्र कोणी पाहिलाय?" एकट्या नूरीचा हात वर. मग तिने बंदर, शिडाचे पडाव, वाळूतला मासळीचा लिलाव, सगळं असं काही सांगितलं की गुरुजी स्वतः बाकावर बसले. मधल्या सुट्टीत विजूने विचारलं, "मला दाखवशील, प्रश्नचिन्ह?" (खोड तेव्हापासूनची असावी.) नूरी म्हणाली, "दाखवीन. तुझी शपथ."

ती शपथ चाळीस वर्षं तशीच राहिली, आणि मुंबईचा समुद्र जवळ असूनही विजू तिकडे फिरकली नाही, पाहीन तर नूरीचाच म्हणे. आधी दोघींच्या घरचे, मग नूरीचा संसार, मग दमा. एस.टी.च्या धुळीत नूरीचा श्वास अडके. एकदा अय्यूबने हिंमत करून तिला महाबळेश्वरला नेलं, तर लॉजच्या खोलीत ती रात्रभर उशीला पाठ लावून बसून राहिली. तेव्हापासून अय्यूबचा कायदा झाला, आपाने, म्हणजे थोरल्या बहिणीने, बाहेरगावी झोपायचं नाही. आणि हर्णैला जायचं तर वाटेत मुक्काम केल्याशिवाय नूरीला झेपणार नव्हतं.

तर नव्वद सालच्या उन्हाळ्यात विद्युल्लताबाईंनी गाडी घेतली.

गाडी म्हणजे एका बंद पडलेल्या बेकरीची मॅटाडोर. पाव पोचवायची, त्यामुळे मागचा सगळा डबा पत्र्याचा, खिडकी एकही नाही. बाई गाडी शिकल्या तेव्हा निम्मी भिवंडी बघायला होती. शिकवणारा म्हणे, "बाई, गियर टाका." बाई म्हणत, "दुसरा, स्वल्पविराम, तिसरा, स्वल्पविराम... समोर म्हैस, उद्गारचिन्ह!" पण शिकल्या. परवाना हातात पडला त्या दिवशी त्यांनी क्लासला सुट्टी दिली आणि वंजारपट्टी नाक्याला तीन फेऱ्या मारल्या, हॉर्न वाजवत.

डब्यात दोन फळ्या टाकून दोघींच्या झोपण्याची सोय झाली. मधोमध स्टो, पाण्याचा पिंप, पडदा. राहता राहिला वारा. नूरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जा खुशाल. फक्त झोपताना हवा खेळती पाहिजे." आणि दोन बायका रस्त्याकडेला गाडीचं दार सताड उघडं टाकून झोपणार, हे तर शक्यच नव्हतं. म्हणजे दार बंद, आणि हवा खेळती.

"खेळणार कोणाशी ती? एकटीच आत कोंडलेली!" नूरी म्हणाली.

"म्हणून पंखा, पूर्णविराम," बाई म्हणाल्या.

अय्यूबला हे कळलं तेव्हा तो लूमच्या बीमवर, त्या मोठ्या रुळावर, गुंडाळलेलं सूत बघत होता. त्याने हात झटकले. "विजूताई, तुम्हाला माझी आपा जड झाली काय? वारा आपला दुश्मन हाय. कारखान्यात वारा शिरला की सूत तुटतं. आणि आपा तर सुतापेक्षा नाजूक!"

"कोण नाजूक?" वरून, जिन्यातून, नूरी. "तुला पाठुंगळी घेऊन पुराच्या पाण्यातून शाळेत नेला ती मीच ना रे? वजनाने तेव्हा पण ताग्यांचं गाठोडंच होतास!"

अय्यूब बहिणीपुढे गप्प बसे, पण हट्ट सोडत नसे. तरुणपणी बाईंच्या क्लासात येऊन त्याने एका यंत्राचा 'क' मोडला होता आणि तो आपण मोडला, हे आजवर कबूल केलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाय. एक परीक्षा. जवळच दापोड्याला महादू मेकॅनिकच्या आवारात गाडी लावा. कारखान्याजवळ नको, इथे कापसाची तुसं उडतात. वैशाखातली दुपार, दार बंद. दुपारच्या जोहरच्या नमाजापासून उन्हं कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत आपा आत झोपली आणि धाप न लागता बाहेर आली, तर जा हर्णैला. नाय तर गाडी पुन्हा पावाला. कल्याणचा एक बेकरीवाला विचारतोच हाय."

"मान्य, पूर्णविराम. आमच्यात याला वामकुक्षी म्हणतात," बाई म्हणाल्या. पण कारखान्यातून बाहेर पडताना त्यांना एकच दिसत होतं. ही परीक्षा गेली तर समुद्र गेला. पुन्हा शपथ घ्यायला चौथीचा वर्ग कुठून आणायचा?

महादूचं आवार म्हणजे ट्रकांचं म्हातारघर. मोडके केबिन, टायरांचे ढीग, मधोमध चिंच, आणि चिंचेखाली महादू, तोंडात विडी. ती पेटवलेली कधी कोणी पाहिली नाही.

"बाई, पंखं लय हायेत," तो म्हणाला. "कंचा पायजे? डायवरलोकांचा हाय, त्यो लावा. त्वांडावर वारा येतो, ब्येस झोप लागती. डायवरांना तर गाडी चालवतानाच लागती."

त्याने पिवळ्या पात्यांचे तीन छोटे पंखे डब्यात तीन कोपऱ्यांत चिकटवले. अय्यूबला न सांगता दोघी मैत्रिणींनी आधी स्वतःच आत बसून बघितलं. दार बंद. घर्रर्र. वारा असा सुटला की बाईंचा अंबाडा सुटला. थोड्या वेळाने नूरी म्हणाली, "विजू, या गाडीत नानखटाई असायची ना?"

"असेल. का, प्रश्नचिन्ह?"

"तिचा वास माझ्या नाकाला लागून पुढे जातो, तुझ्याकडून वळून परत येतो. मघापासून तोच. आता आमची चांगली ओळख झालीय."

मग नूरीने ओढणीच्या काठाचा एक धागा उसवला आणि छताला थुंकीने चिकटवून सोडला. तिचे वडील असंच करत. कारखान्यात चोरून वारा कुठून शिरतो ते सुताचं टोक धरून शोधत. धागा हलला, पण कुठेच गेला नाही. नुसता गोल गोल, लग्नात हरवलेल्या पोरासारखा.

"वारा आहे, हवा नाही," नूरी म्हणाली, आणि खोकली. बाईंनी लाथेने दार उघडलं.

बाईंचा धाकटा भाऊ सुधीर बँकेत होता. तो बोले तेव्हा प्रत्येक वाक्याच्या बुडाशी शिक्का मारल्यासारखा तळहात आपटे. त्याने धाग्याची हकिगत ऐकली आणि टेबलावर थाप मारली. "ताई, तुमच्याकडे आवक नाही आणि जावक नाही! आलेला कागद त्याच टेबलावर फिरतोय! खाली सावलीच्या बाजूला जाळी ठेवा, ती आवक. वर टपाला भोक पाडा, तिथे हवा बाहेर ओढणारा पंखा, ती जावक!" थाप.

हे मात्र सगळ्यांना पटलं. महादूने जमिनीलगत जाळी बसवली, टपाला भोक पाडलं, पंख्यासाठी वेगळी बॅटरीही ठेवली. मग ओढणारा पंखा कुठला, यावर वाद पेटला.

महादूने ढिगातून एक धूड ओढून काढलं. मोडीत गेलेल्या बसच्या टपावरचा पंखा. बॅटरीला तारा लावल्या तसा तो जागा झाला. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. एक पातं किंचित वाकलेलं, ते दर फेरीला कुठे तरी घासून सलाम करत होतं. चिंचेवरचे कावळे उडाले.

"वढतो झ्याक," महादू ओरडून म्हणाला. "आवाज हाय थोडा!"

सुधीरने कानांत बोटं घातली. "महादू, हा पंखा आहे की कारखाना? दमेकरी बाईला झोपायचंय! मी आणतो पंखा. माझ्या ओळखीचा एक जण मुंबईत मोठ्या कॉम्प्युटरवर आहे. त्या कॉम्प्युटरच्या पोटात हवा काढायला पंखे असतात. इतके गुपचूप, की चालू आहे की बंद, मशीनला पण कळत नाही!"

आणि आणलेच त्याने. काळे, चौकोनी, तळहाताएवढे चार पंखे, कापडात गुंडाळून, नवरीचे दागिने आणावेत तसे. महादूने ते टपाच्या भोकात शेजारी शेजारी बसवले. आवाज शून्य. नूरीने धागा सोडला. धागा जाळीकडून उठला आणि टपाकडे असा ताठ झुकला, जणू वर कोणी हाक मारली.

"पास, उद्गारचिन्ह!" बाई म्हणाल्या. सुधीरने हवेतच शिक्का मारला.

परीक्षेच्या दुपारी गाडी चिंचेखाली उभी. टपावर भोक सोडून ओली गोणपाटं. अय्यूब नमाज पढून थेट दापोड्याला आला. दारासमोर खुर्ची टाकून बसला, एका हातात आपाच्या दम्याचा पंप, दुसऱ्यात थर्मास, आणि चेहरा असा की आत ऑपरेशन चाललंय. डब्यात एका फळीवर नूरी, दुसरीवर बाई. बाईंनी ठरवलं होतं की आपण टक्क जागं राहायचं, नूरीचा श्वासन् श्वास ऐकायचा. पण पंखा गुपचूप, हवा मोकळी, गोणपाटांचा गारवा. ज्या कानाला तिसऱ्या यंत्रावरची वेलांटी ऐकू येई, तो कान उशीला लागला आणि बाईंचं तोंड उघडलं.

त्यांना जाग आली ती धाडकन आवाजाने. दार सताड उघडं, उन्हाचा लोट आत, आणि नूरी बाहेर धुळीत उभी, केस सुटलेले, डोळे तांबारलेले, खोकत. अय्यूबने तिला खुर्चीवर बसवलं, पंप तोंडाला लावला.

"झालं! बघितलं ना?" त्याचा आवाज फाटला होता. "गेले म्हणाली! आतून ओरडली, गेले! दार फोडून बाहेर आली! माझ्या कानांनी ऐकलं, विजूताई. तुम्ही काय ऐकलं?"

 विद्युल्लताबाईंनी घोरणं ऐकलं होतं, तेही स्वतःचं.

"आपा, तूच सांग. काय झालं होतं?"

नूरी कपाळ धरून बसली. "काय माहीत रे. डोळा लागला होता. मग एकदम वाटलं, काहीतरी बिघडलं. काय बोलले, अल्लाला ठाऊक." आणि मग हळूच, मैत्रिणीकडे न बघता, "राहू दे विजू. गाडी विकून टाक."

गाडी भिवंडीला परतली. बाईंनी त्या दिवशी एकही विरामचिन्ह उच्चारलं नाही. सुधीर घाबरला. "ताई, बरं वाटत नाही का?" "उद्या त्या कल्याणवाल्याला बोलव," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कारखान्याच्या आवारात आल्या. गाडी तिथेच लावलेली. आतली गादी, स्टो, पडदा काढायचा होता. कल्याणचा बेकरीवाला संध्याकाळी यायचा होता. ओसरीवर अय्यूब जेवून आरामखुर्चीत पसरलेला, टोपी डोळ्यांवर, पोट वरखाली. खाली लूम चालू, खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. त्या आवाजात अय्यूब, ओसरीवरचं मांजर आणि भिंतीला टेकलेला हमाल, तिघे एका तालात घोरत होते. बाई पडद्याच्या कड्या सोडवत होत्या.

आणि लाईट गेली.

लूम थांबले. भिवंडीत लाईट गेल्यावर जी शांतता पडते ती ज्याने ऐकली त्यालाच ठाऊक. कानावर कोणीतरी हात ठेवल्यासारखी. मांजर उठलं. हमाल उठला. आणि अय्यूब खुर्चीतून ताडकन उभा राहिला, डोळे मिटलेलेच, टोपी जमिनीवर, एक चप्पल हातात, आणि ओरडला, "गेली!"

शेजारच्या कारखान्यातून ओरडा आला, "गेली!" पलीकडच्या गल्लीतून, माडीवरून, चहाच्या टपरीतून, "गेली! गेली रे!"

बाईंच्या हातातली कडी खाली पडली.

"अय्यूब," त्या म्हणाल्या, "आत्ता काय म्हणालास, प्रश्नचिन्ह?"

अय्यूब डोळे चोळत होता. "लाईट गेली म्हणालो."

"खोटं, पूर्णविराम. लाईट नाही म्हणालास. जेवढं बोललास तेवढंच सांग."

"गेली म्हणालो! काय झालं काय?"

"आणि काल नूरी काय म्हणाली, प्रश्नचिन्ह?"

"गेले."

"ले की ली? मात्रा की वेलांटी?"

 बाई गाडीतून उतरल्या. आता त्या क्लासात होत्या आणि अय्यूब तिसऱ्या यंत्रावर होता. "दोन्हींत फरक केवढा? एका वेलांटीचा. 'गेले' म्हणजे माणूस चाललं. 'गेली' म्हणजे लाईट गेली. बहिणीच्या काळजीने तुला मात्रा ऐकू आली. ओरड तिच्यासारखी, एकदा."

"मी?"

"झोपेतून उठल्यासारखी. ओरड, उद्गारचिन्ह!"

अय्यूबने इकडेतिकडे बघितलं. हमाल बघत होता, मांजर बघत होतं. त्याने घसा खाकरला आणि आपाचा बारीक आवाज काढून, डोळे मिटून ओरडला. ओरडला आणि तसाच थांबला, कारण तोंडातून जे निघालं होतं त्याला दुसरी वेलांटी होती. स्वच्छ, लांब, ओढलेली.

"गेलीऽऽ," तो पुन्हा पुटपुटला. "ली होती. विजूताई, ली होती."

नूरी जिन्यात उभी होती. ओढणीने वारा घेत, कारण पंखा बंद. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिच्या तोंडावर हसू पसरायला लागलं होतं. "हो रे! मला वाटलं, कारखाना बंद पडला! तुमच्या त्या चार मुक्या पंख्यांनी असं काही गप्प करून टाकलं की मी म्हटलं, सूत तुटलं, कारीगर पळाले, सगळं संपलं! मी उठले ती तुला उठवायला!"

"आणि धाप?"

"झोपेतून उठून वैशाखाच्या उन्हात धावून बघ, तुला पण लागेल!"

"आणि महाबळेश्वर?" अय्यूब अजून एका फांदीला लटकलेला होता. "लॉजमध्ये रात्रभर बसून होतीस ती?"

नूरी एक पायरी खाली उतरली. "थोडा दमा होता. बाकी, काय शांतता होती रे तिथे, अय्यूब! माणसं झोपतात कशी तिथे?"

बाईंना एकाएकी सुधीरचा आवाज आठवला, तळहाताच्या थापेसकट. हा पंखा आहे की कारखाना? त्यांनी पडदा खांद्यावर टाकला आणि गाडीची किल्ली उचलली.

"बसा गाडीत, स्वल्पविराम, दोघेही, पूर्णविराम. दापोडे."

महादूने बसचा पंखा पुन्हा ढिगातून काढला, पुसला आणि तेलाची डबी घेतली. "बाई, यक थेंब टाकतो. पातं बी सरळ करतो. आवाज पार जाईल."

"हात लावशील तर बघ, उद्गारचिन्ह!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की महादूच्या तोंडातली विडी पडली.

"पर त्यो आवाज..."

"आवाजासाठीच तर घेतेय!"

महादूने अय्यूबकडे बघितलं. अय्यूब म्हणाला, "लावा तसाच. पातं तर बिलकूल सरळ करू नको." महादूने विडी उचलून झटकली. "भिवंडीची मान्सं," तो चिंचेला म्हणाला. "आमाला म्हंत्यात, गाडी वाजती, नीट करा. आनि ह्ये म्हंत्यात, वाजती तशी लावा."

दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा झाली. तीच चिंच, तशीच ओली गोणपाटं, तशीच खुर्ची, पंप, थर्मास. खाली जाळीतून हवा आत, टपातून बाहेर, धागा ताठ, आणि वर खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. पहिल्यांदा कावळे उडाले, मग परत येऊन बसले, मग त्यांनी पण मान खाली घातली. बाई आत पडल्या आणि त्यांना वाटलं, आपण क्लासातच आहोत, चाळीस मुली न चुकता टाईप करतायत. इतकं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं.

असरची वेळ झाली. दार उघडलं नाही. अय्यूबने वाट बघितली. मग दारावर टकटक केली. काही नाही. धपधप केली. काही नाही.  त्याने दार खेचलं. आत दोन्ही फळ्यांवर दोघी, गाढ. नूरीचा श्वास सरळ, एकसारखा, नव्या लूमवर चाललेल्या धोट्यासारखा. अय्यूबची सावली अंगावर पडली तसा तिने एक डोळा उघडला.

"काय रे? शिफ्ट बदलली?"

अय्यूबने पंप खिशात टाकला. मग म्हणाला, "बघू दे जरा, आत हवा बरोबर हाय का," आणि नूरीला उठवून तिच्या फळीवर आडवा झाला. नुसतं बघायला. चहा होईपर्यंत त्याचं घोरणं पंख्याच्या तालात मिसळून गेलं आणि दोघी मैत्रिणींना चहा चिंचेखाली प्यावा लागला. आदल्या संध्याकाळपासून थांबवून ठेवलेल्या कल्याणच्या बेकरीवाल्याला सुधीरने परस्पर सांगितलं, "गाडीची जावक रद्द!" थाप.

निघायच्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली ओट्यावर होती. मॅटाडोरच्या टपावर पंखा बांधलेला, पुढे गाडीचा आवाज, मागे पंख्याचा. कोणीतरी म्हणालं, "बाईंनी कारखानाच काढला वाटतं, चाकावरचा!" बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बरोबर, पूर्णविराम!" अय्यूब गाडीच्या बाजूने नाक्यापर्यंत चालत गेला, पंप तीनदा नूरीच्या पिशवीत टाकला आणि दोनदा काढून तपासला.

महाडला पहिला मुक्काम झाला. एका पेट्रोलपंपाशेजारी गाडी लावली. पंपावरचा माणूस सकाळी विचारायला आला, "मावशी, रात्रभर आत काय विणत होता?" नूरी म्हणाली, "झोप." तिथल्या टेलिफोनच्या टपरीतून बाईंनी भिवंडीला फोन लावला. पलीकडे अय्यूब, "आपा कशी हाय?" बाईंनी उत्तर न देता रिसीव्हर हाताच्या लांबीने बाहेर, गाडीच्या दिशेने धरला. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. "चालू हाय," अय्यूब स्वतःशीच म्हणाला आणि फोन ठेवला.

कशेडीचा घाट बाईंनी दुसऱ्या गियरात, स्वल्पविराम घेत घेत चढला. दापोली मागे पडली. उतारावर हवेला खारा वास आला. नूरी पुढे येऊन बसली, काच खाली करून, ओढणी तोंडावरून काढून. एका वळणावर ती म्हणाली, "विजू, गाडी थांबव. पंखा बंद कर."

पंखा बंद झाला. बाईंना वाटलं, आता तीच ती भिवंडीची शांतता पडणार. पण पडली नाही. खालून, माडांच्या पलीकडून, काहीतरी मोठं, एका तालात, न थांबता वाजत होतं. दोघी उतरल्या. नूरीने चौथीतल्यासारखा हात वर केला आणि बोट दाखवलं. हर्णैचं बंदर, पडाव, वाळूवर लिलावाची गर्दी, आणि त्यामागे सगळा, आभाळापर्यंत, समुद्र.

"हा बघ. दाखवला," नूरी म्हणाली. तिचा श्वास स्वच्छ होता. "आणि याची लाईट कधी जात नाही."

विद्युल्लताबाई बघत राहिल्या. दुरून एक लाट उठली, उंच झाली, पांढरी झाली, आणि दुपारी लाईट परत आल्यावर अख्खी भिवंडी ओरडते तशा त्या दोन्ही हात वर करून, विरामचिन्ह वगैरे सगळं विसरून ओरडल्या,

"आलीऽऽ!"